पुसल्यावर पण फरशी चिकटते? स्पिन मॉपचा दिवाळीपासूनचा अनुभव

दिवाळीच्या सेलमध्ये स्पिन मॉप (बादलीतल्या जाळीत गरगर फिरवून पिळायचा तो) घेतला, तेव्हापासून रोज वापरतेय, सोलापूरचा उन्हाळा पण काढला त्याच्यावर, म्हणून आता जरा सविस्तर लिहिते. आधीच सांगते, फरशीची चिकचिक जावी म्हणून नुसता मॉप घेणार असाल तर पैसे ठेवा खिशात. चिकचिक मॉपमुळे जात नाही, बादलीत काय घालतो त्याने जाते.

आमच्याकडे हॉल आणि बेडरूमला विट्रिफाइड टाइल्स, स्वयंपाकघरात आणि मागच्या दारी जुनी शहाबादी. हॉलची पंचाईत अशी की पुसून वाळली तरी अनवाणी चाललं की तळव्याला चट्चट् लागायचं आणि संध्याकाळपर्यंत सगळीकडे काळपट पावलं उमटलेली. सासूबाईंचं म्हणणं फिनेल कमी पडतंय, आणि कामाच्या मावशी तर बाटली तिरकी करून सरळ बादलीतच, वास घमघमला तरच पुसल्यासारखं वाटतं ना. आता फिनेल काय किंवा ते रंगीत सुगंधी क्लिनर काय, दोन्हीत साबणासारखा भाग असतो, पांढऱ्या फिनेलमध्ये तर तेलकट भाग पण असतो, पाणी उडून जातं आणि हे फरशीवर बसतं, मग त्यावर धूळ चिकटते, दुसऱ्या दिवशी त्यावरच अजून एक थर.

खात्री करायची असेल तर कोरड्या फरशीवर चमचाभर गरम पाणी टाका आणि हाताने गोल गोल चोळा. आमच्या सोफ्याजवळ चोळलं तर चक्क फेस आला! क्लिनरचा थेंब न टाकता. बोटं बुळबुळीत झाली आणि पांढऱ्या नॅपकिनने टिपलं तर नॅपकिन राखाडी.

दुसरं कारण आपलं पाणी. नळाला पाणी चार-पाच दिवसाआड, ते प्यायला आणि स्वयंपाकाला, मग फरशीला बोअरचंच येतं. ते जड. हीटरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते ना, तेच क्षार साबणाशी मिळून साका धरतात, फेस कमी आणि चिकटपणा जास्त, आणि फेस नाही म्हणून माणूस अजून ओततो.

आता काय करतो ते. एकदा जुना थर काढला, गरम पाण्यात काहीही न घालता, हॉलचे तुकडे पाडून, प्रत्येक तुकड्याला नवीन पाणी, कंटाळा येतो पण पाणी किती गढूळ निघतं ते बघून हुरूप पण येतो. शेवटच्या पाण्यात बादलीला अर्धा कप पांढरं व्हिनेगर घातलं, क्षाराची पांढुरकी झाक गेली. व्हिनेगर घालायचं असेल तेव्हा ब्लीच बिलकुल नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, खेळ नाही तो.

रोजचं म्हणाल तर बाटलीमागे लिहिलेलं माप, त्याच्या वर थेंब नाही, आणि पुसून झाल्यावर साध्या पाण्याचा दुसरा हात. हा दुसरा हात जमला तर नळाच्या पाण्याने, अर्धी बादली पुरते. आणि उन्हाळ्यातली एक गंमत, पुसताना पंखा बंद ठेवायचा. बेचाळीस डिग्रीत वर पंखा चालू असला की दुसरा हात फिरायच्या आत पहिला वाळून जातो, मग सगळं होतं तिथंच. पुसणारा घामाघूम होतो, इलाज नाही.

मॉपबद्दल. मायक्रोफायबर मळ चांगला उचलतो, पाणी हवं तेवढंच पिळून निघतं, कंबर वाचते, मावशी आधी नाक मुरडत होत्या आता दुसऱ्याला हात लावू देत नाहीत. पण गोल डोकं कोपऱ्यात जात नाही ते नाहीच, तिथं फडकं लागतंच. आणि मळकं पाणी त्याच बादलीत फिरतं, त्यामुळे दुसऱ्या हातासाठी वेगळी बादली ठेवा. डोकं आठवड्यातून एकदा गरम पाण्यात धुवून उन्हात टाकते, कम्फर्टसारखं कपडे मऊ करायचं लिक्विड अजिबात नाही, त्याने धाग्यांवर थर बसतो आणि पाणी ओढायचं बंद होतं.

शहाबादीला मात्र हा मॉप आवडला नाही. खडबडीत दगडावर धागे अडकतात, तुटतात. तिथं जुना टर्किश टॉवेल, सोलापुरात त्याला काय तोटा. आणि शहाबादीवर व्हिनेगर, लिंबू, ॲसिड काहीच नको, तो चुनखडीचा दगड आहे. मागच्या दारी एका कडेला थेंब टाकून बघितला तर बुडबुडे आले, म्हणजे दगडच खातंय ते. कडप्पा, मार्बल, जुनी मोझॅक, सगळ्यांना हेच. ओट्याखाली फोडणीचं आणि शेंगाचटणीचं तेल सांडतं तिथं गरम पाणी आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, मग दोनदा साधं पाणी, बास.

पायडलवाली बादली घेऊ नका, हाताने दाबून फिरणारी घ्या, शेजारच्यांचं पायडल पावसाळ्याआधीच गेलं. आणि रिफिल घेताना दांड्याची चकती गोल की तिकोनी ते बघून घ्या, सगळी सगळ्यांना बसत नाहीत.