वॉर फिल्मवरच्या गेमला पैसे द्यायचे तर कुठे? किकस्टार्टर, त्यांची स्वतःची साइट, की सरळ वाट बघायची

समजा एखाद्या जुन्या गाजलेल्या वॉर फिल्मवर गेम येतोय असं जाहीर झालंय, मूळ डिरेक्टर स्वतः मागे उभा आहे, टीझरमध्ये धूर, हेलिकॉप्टर, नदी सगळं आहे आणि खाली पैसे द्यायचं बटण आहे. द्यायचे का, आणि द्यायचे तर कुठून द्यायचे? रस्ते मुख्यतः तीन, किकस्टार्टर (लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून, म्हणजे क्राउडफंडिंगने, प्रोजेक्ट उभे करायची साइट), गेमवाल्यांची स्वतःची साइट, आणि गप्प बसून गेम येईपर्यंत थांबणं. चौथाही एक होता, त्याचं मध्ये थोडक्यात सांगतो. आणि आधीच बोलून टाकतो, मी काही तटस्थ वगैरे नाहीये, मला स्वतःच्या साइटवाला प्रकार पटत नाही, का ते खाली येईलच.

उदाहरण म्हणून 'अपोकॅलिप्स नाऊ' या सिनेमावरचाच गेम घेऊ, कारण या एका गेमने पहिले दोन्ही रस्ते धरून बघितले. जानेवारी 2017 मध्ये सिनेमाचा डिरेक्टर फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या अमेरिकन झोईट्रोप या कंपनीच्या पाठिंब्याने किकस्टार्टरवर पैसे जमवायचं कॅम्पेन सुरू झालं, टार्गेट 9 लाख डॉलर. तुम्ही कॅप्टन विलार्ड, व्हिएतनाम युद्धाचा काळ, नदीतून वर वर जात कर्नल कर्ट्झला गाठायचं. पण नेहमीसारखं दिसेल त्याला गोळ्या घाला असलं नाही, हॉरर आणि आरपीजीच्या (एखादं पात्र घडवत, निर्णय घेत खेळायचा प्रकार) मधलं काहीतरी, गोळ्या मोजक्या, लढाई टाळता आली तर टाळायची. पब्लिशरकडे (गेमला पैसे लावून विकणाऱ्या कंपनीकडे) गेलो तर याचा आणखी एक शूटर होऊन बसेल म्हणून थेट लोकांकडे आलो, असं टीमचं एकूण म्हणणं होतं. आणि खरं सांगायचं तर ते मला आजही पटतं.

त्यात कोपोलाचं नाव असणं ही साधी गोष्ट नव्हती, कारण याच माणसाने 2005 मध्ये 'द गॉडफादर'वरच्या गेमबद्दल जाहीर नाराजी दाखवली होती की मला न विचारता हे चाललंय. तोच माणूस स्वतःहून गेमच्या मागे उभा राहतोय म्हटल्यावर फॅन लोक भारावणारच.

पण महिनाही झाला नाही आणि फेब्रुवारीत किकस्टार्टरवरचं कॅम्पेन बंद. जमले होते 1 लाख 70 हजार डॉलरच्या आसपास, म्हणजे टार्गेटच्या पाचव्या हिश्श्याइतकेही नाहीत. मग टीमने स्वतःची साइट काढून तिथे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि तिथलं टार्गेट होतं 59 लाख डॉलर. गेम आलेला नाहीये.

आता 9 लाख आणि 59 लाख हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. समजा किकस्टार्टर यशस्वी झालं असतं, 9 लाख जमले असते, सगळ्यांच्या कार्डावरून पैसे कापले गेले असते, आणि गेमला लागणार होते त्याच्या सहापट. वरचे 50 लाख कुठून येणार होते? गुंतवणूकदार शोधू, नंतर आणखी गोळा करू, बघू. म्हणजे त्या बॅकरांचं (पैसे देणाऱ्यांचं) नशीब की कॅम्पेन फेल गेलं! किकस्टार्टरचा नियमच असा आहे की मुदत संपेपर्यंत टार्गेट गाठलं नाही, किंवा मधेच कॅम्पेन रद्द झालं, तर कुणाच्याही कार्डाला हात लागत नाही. त्या 1 लाख 70 हजारांमधला एकही डॉलर कुणाच्या खिशातून गेला नाही. क्राउडफंडिंगमध्ये बॅकरसाठी यापेक्षा चांगलं संरक्षण मी बघितलेलं नाही, आणि गंमत म्हणजे ते फक्त अपयशातच कामाला येतं.

यश मिळालं की ते संरक्षण संपलं. किकस्टार्टर आपले 5 टक्के घेतं, पेमेंटवाले आपले घेतात, उरलेले क्रिएटरकडे, आणि त्यानंतर गेम आला नाही तर किकस्टार्टर तुम्हाला रिफंड देत नाही. क्रिएटरने वचन पाळायचं किंवा पैशाचा हिशेब द्यायचा असं अटींमध्ये आहे खरं, पण ते वसूल करायला जाणार कोण? पंचवीस डॉलरसाठी कुणी वकील लावत नाही.

म्हणून किकस्टार्टरवर बघायचं ते हे, की मागितलेली रक्कम पूर्ण गेमची आहे का नुसती सुरुवातीची, आणि सुरुवातीची असेल तर तसं उघड सांगितलंय का. उघड सांगून केलेलं चालतं, त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे 'किंगडम कम: डिलिव्हरन्स'. 2014 मध्ये त्यांनी 3 लाख पौंड मागितले, 11 लाखांच्या वर मिळाले, पण मोठा पैसा खाजगी गुंतवणूकदाराचा होता आणि कॅम्पेन हे त्याला मागणी दाखवण्यासाठी आहे हे लपवलं नव्हतं. उशीर झाला, 2015 म्हणता म्हणता फेब्रुवारी 2018 उजाडलं, पण गेम आला आणि चांगला आला. उलट 'मायटी नंबर 9' ला 2013 मध्ये 38 लाख डॉलर मिळाले, मागे मोठं नाव, लोकांना वाटलं आता डोळे मिटून पैसे टाकायचे, आणि 2016 मध्ये जे हातात आलं त्याने भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तसं झालं. तेव्हा नावावर जाऊ नका, खेळता येईल असा डेमो असेल तर त्याच्यावर जा, तो नसेल तर निदान न कापलेलं, सलग पाच-दहा मिनिटांचं खरं गेमप्ले तरी बघा. टीझरमधला धूर कुणीही काढून देतो.

आता स्वतःची साइट. गेमवाल्यांच्या बाजूने बघितलं तर मस्तच आहे, 5 टक्के वाचतात, तीस दिवसांची घाई नाही, जिथे टार्गेट चुकलं की सगळं शून्य अशी टांगती तलवार नाही, वर्षभर दुकान उघडं ठेवा. पण यातली प्रत्येक गोष्ट तुमच्या बाजूने उलटी पडते. मुदत नाही म्हणजे अपयश जाहीर होण्याचा दिवसच येत नाही, पैसे साधारणपणे दिल्या क्षणी कापले जातात, किती जमले हा काउंटर त्यांचाच, रिफंडची अट त्यांनीच लिहिलेली आणि बदलायचीही त्यांनीच. मधे तिसरा माणूस कुणी नाही. कार्डवाल्या बँकेकडे तक्रार करता येते, पण तिला ठराविक मुदत असते आणि गेम मात्र तीन-चार वर्षांनी यायचा असतो, त्यामुळे तो दरवाजा गेम बुडाला हे कळायच्या आतच बंद झालेला असतो. घोडं पेंड खातं ते इथेच.

यावर लोक लगेच 'स्टार सिटिझन' या गेमचं उदाहरण काढतात. बरोबर आहे, 2012 मध्ये किकस्टार्टरवर 21 लाख डॉलर आणि स्वतःच्या साइटवर वर्षानुवर्षं, एकूण 70 कोटी डॉलरच्या पुढे गेलेत, आणि पूर्ण झालेला गेम अजूनही बाजारात नाही. पण एक फरक सोडून चालणार नाही, तिथे पैसे देणाऱ्याला आज खेळायला काहीतरी मिळतं, अर्धवट, बगने भरलेलं, पण मिळतं. सिनेमावरच्या गेमच्या साइटवर बऱ्याचदा नुसती चित्रं आणि टी-शर्ट असतात. तेव्हा माझा सोपा नियम, साइटवर आत्ता खेळता येईल असं काही आहे आणि ते आहे तसंच आजच्या किमतीला घ्यायला तुम्ही तयार आहात तर घ्या, नाहीतर राहू द्या. कोपोलाने सिनेमा काढताना स्वतःची मालमत्ता पणाला लावली होती, फिलिपिन्समध्ये वादळाने सेट उडाले, मार्टिन शीनला हार्ट अटॅक आला तरी माणूस थांबला नाही, ही गोष्ट अशा पैसे मागणाऱ्या पिचमध्ये ऐकायला फार भारी वाटते, पण तेव्हा पदरचे पैसे त्याचे होते. इथे ते तुमचे.

चौथा रस्ता म्हणजे फिग. 2015 मध्ये सुरू झालेल्या या साइटवर बक्षिसापुरते पैसे देता यायचे किंवा गुंतवणूक करून विक्रीतला वाटा घेता यायचा. 'सायकोनॉट्स 2' ने तिथे 38 लाख डॉलर जमवले आणि ऑगस्ट 2021 मध्ये गेम आलाही. कल्पना मला आवडलेली, जोखीम घेताय तर नफ्यातही या. पण 2020 मध्ये रिपब्लिक नावाच्या गुंतवणूक कंपनीने फिग विकत घेतलं आणि तो जुना रस्ता आता राहिलेला नाही, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

आता जो मुद्दा सिनेमावरच्या गेमला वेगळा करतो आणि पैसे देताना कुणीच विचारत नाही तो, लायसन्स.

नुसतं सिनेमाचं नाव मिळालं म्हणजे सिनेमा मिळाला असं नसतं. नाव आणि पात्रं एकाकडे, नटांचे चेहरे त्या त्या नटाकडे किंवा वारसांकडे, गाणी तिसऱ्याकडे. 'गॉडफादर'च्या 2006 च्या गेममध्ये मायकल हे पात्र आहे पण ते करणाऱ्या अल पचिनोचा चेहरा नाही, खेळताना सारखं खटकतं. किंवा 'अपोकॅलिप्स नाऊ'मधला तो हेलिकॉप्टरचा सीन घ्या. तिथे वाजते ती धून वाग्नरची, तो 1883 मध्ये वारला, त्यामुळे ती कुणीही वाजवू शकतो, पण सिनेमात वाजतं ते विशिष्ट रेकॉर्डिंग आणि त्याचे हक्क वेगळे, म्हणजे एकतर त्याचे पैसे मोजा नाहीतर नवीन ऑर्केस्ट्रा बसवा. सुरुवातीला जंगल पेटतं तिथलं डोअर्सचं गाणं तर सरळ सरळ वेगळा करार. यातलं काय मिळालंय आणि काय नाही हे पिचमध्ये लिहिलेलं नसेल तर तुम्ही मनात जो सीन बघून पैसे देताय तो गेममध्ये असेलच असं नाही.

आणि सगळं नीट झालं, गेमही आला, तरी सुटका नाही. 'फ्रायडे द 13थ'चा गेम बघा, 2015 मध्ये किकस्टार्टरवर 8 लाख डॉलरच्या वर जमले, मे 2017 मध्ये गेम आला, लोक तुटून पडले, म्हणजे क्राउडफंडिंगवाल्या सिनेमाच्या गेमचं याहून चांगलं काय होणार. तर मूळ सिनेमाच्या हक्कांवरून लेखक आणि निर्माते कोर्टात गेले, जून 2018 मध्ये नवीन कंटेंट बंद करावं लागलं आणि डिसेंबर 2023 च्या शेवटी गेम विक्रीतूनच गेला. भांडण गेमवाल्यांचं नव्हतंच, तरी भोगलं त्यांनी आणि खेळणाऱ्यांनी. म्हणून कॅम्पेन पेजवर विचारा, लायसन्स कोणाच्या नावावर आहे, किती वर्षांचं, आणि टीम फुटली तर काय. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तरच.

इथे मला नेहमी 'स्पेक ऑप्स: द लाइन' आठवतो. 2012 चा गेम, वाळूत गाडलं गेलेलं दुबई, आणि आतमध्ये तोच प्रवास जो कॉनराडच्या 'हार्ट ऑफ डार्कनेस' या कादंबरीत आहे आणि ज्यावरून कोपोलाने सिनेमा केला. कादंबरीवर आता कुणाचाच हक्क नाही, वाट्टेल त्याने गेम काढावा. सिनेमाचं नाव न घेता, क्राउडफंडिंग न करता त्या लोकांनी तो अनुभव देऊन दाखवला होता, आणि दिसायला तो साधा शूटरच होता. अर्थात तोही जानेवारी 2024 मध्ये लायसन्स संपले म्हणून दुकानांमधून काढला, हे दुखणं काही सुटत नाही. पण ज्यांनी घेऊन ठेवला होता त्यांच्याकडे तो आजही आहे.

मग थांबणं? गेम खेळायला मिळणं एवढंच हवं असेल तर थांबणंच बरं, यात मला शंका नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात विकत घेतल्यापासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर रिफंड मिळतो, अर्ली अ‍ॅक्सेसमधल्या, म्हणजे अर्धवट असतानाच विकायला ठेवलेल्या, गेमलाही तोच नियम, रिव्ह्यू वाचता येतात, सेलमध्ये स्वस्त मिळतो. हुकतं काय, तर क्रेडिट्समधलं नाव, एखादी खास बंदूक, बॅकरांची वेगळी चॅट. ते हवं असेल तर हवंच, त्यात वाईट काही नाही.

सगळेच थांबले तर असले वेडे गेम बनणारच नाहीत, असं लोक म्हणतात. खरंय ते. मोठा पब्लिशर हळू चालणाऱ्या, गोळ्या वाचवायला लावणाऱ्या व्हिएतनाम गेमला पैसे देणार नाही. त्यासाठी द्यायचे असतील तर द्या, पण मग ती देणगी आहे हे मनाशी पक्कं करून, गेम आला तर बोनस. आणि देणगी द्यायची तर ती किकस्टार्टरवर द्यावी, गेमची कॉपी मिळते त्या सगळ्यात खालच्या टिअरला (पैशांच्या पायरीला). मोठ्या टिअरमधले पुतळे, नकाशे, जॅकेट बनवून पाठवण्यात टीमचाच पैसा आणि वेळ जातो.

घाईही करू नका. किकस्टार्टरवर प्लेज केल्यावर, म्हणजे पैसे द्यायचं कबूल केल्यावर, कॅम्पेन संपेपर्यंत ते मागे घेता येतं, फक्त शेवटच्या 24 तासांत तुमचे पैसे काढल्याने टार्गेट खाली जाणार असेल तर नाही. म्हणजे पहिल्या आठवड्यात प्लेज करा, अपडेट वाचा, कमेंटमध्ये लायसन्सचं विचारा, डेमो येतोय का बघा, आणि दोन दिवस उरले की ठेवायचं का काढायचं ते ठरवा. 2024 पासून कॅम्पेन संपल्यावरही लेट प्लेज घेतात, तिथे मात्र पैसे लगेच कापले जातात, त्यामुळे तो प्रकार स्वतःच्या साइटच्याच रांगेत धरा.