सिन्स लावू का फॉर? आपल्या 'पासून'नं केलेला घोळ

परवा भाचा इंटरव्ह्यूची तयारी करायलता, लातूरच्या रूमवर आरशापुढं उभं राहून एकटाच इंग्लिश झाडायलता, "आय ॲम लिव्हिंग इन लातूर सिन्स फाइव्ह इयर्स." म्हणलं थांब बाबा, एका वाक्यात दोन चुका केल्यास. तर म्हणतो, मामा, पाच वर्षांपासून राहतो म्हणजे सिन्सच की!

गोम इथंच आहे. आपल्याकडं 'सोमवारपासून' पण पासून अन् 'पाच दिवसांपासून' पण पासून, इंग्लिशमधी त्याचे दोन वाटे झालेत. सिन्सला खुंटा पाहिजे, म्हणजे कुठून सुरू झालं ती तारीख, वार, साल नाहीतर एखादी घटना. फॉरला दाव्याची, म्हणजे दोरीची, लांबी पाहिजे, दोन तास, तीन महिने, पाच वर्षं. 'कधीपासून'चं उत्तर सिन्स, 'किती दिवस'चं फॉर. पेपरात लई दिसणारं 'सिन्स द लास्ट फाइव्ह इयर्स' पण चूकच, तिथं फॉर.

दुसरी चूक 'ॲम'ची. काम अजून चालू असलं तर दोन्हीकडं 'हॅव बीन' लागतं, आय हॅव बीन लिव्हिंग इन लातूर फॉर फाइव्ह इयर्स. पण फॉर मोकळं आहे, संपलेल्या गोष्टीलाही चालतं अन् पुढच्याही. हैदराबादच्या निजामांच्या आसफजाही घराण्याचं राज्य १७२४ ते १९४८, संपलं ते, म्हणून 'दे रूल्ड फॉर ओव्हर टू हंड्रेड इयर्स', इथं सिन्स बसतच नाही. उलट 'मराठवाडा हॅज बीन फ्री सिन्स १७ सप्टेंबर १९४८', ते आजपर्यंत चालूच आहे. उद्या गावाकडं दोन दिवस राहायचंय? आय विल स्टे फॉर टू डेज, बस.

सिन्सची एक जास्तीची नोकरी म्हणजे 'कारण'. सिन्स इट वॉज रेनिंग, वी स्टेड होम. इथं वेळेचा काही संबंध नाही, पाऊस होता म्हणून घरी राहिलो एवढंच.

एवढं सांगितल्यावर गडी सगळीकडं फॉरच लावायला लागला. दुपारी फोन केला तर म्हणतो, "मामा, आय हॅव बीन वेटिंग फॉर मॉर्निंग." म्हणलं, अरे सकाळपासून वाट बघायलास का सकाळ कधी उजाडती म्हणून वाट बघायलास?