पंचवीस टनांची कांदाचाळ: दम किती दिवसांचा?

चाळ घेताना गिऱ्हाईक अँगल ठोकून बघतं, पत्र्याची जाडी विचारतं, दर पाडून मागतं. पैसे मात्र मोजतं ते थांबायच्या ताकदीसाठी. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवड, देवळा, सटाणा पट्ट्यात दोन पाखी, म्हणजे कांदा भरायच्या दोन लांब कप्प्यांची, २५ टनांची चाळ ही आता रोजची वस्तू झाली आहे. तिच्यात कांदा किती दिवस टिकतो हे मापावरून सांगता येतं. कांदा धरून बसलेला शेतकरी किती दिवस टिकतो, हे पत्र्याकडे बघून कळत नाही.

आधी मापं. एका पाखीची लांबी ४० फूट, रुंदी ४ फूट, कांद्याची उंची जास्तीत जास्त ५ फूट. अशा दोन पाख्या आणि मध्ये ये-जा करायला जागा. तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट वर, फळ्यांत किंवा बांबूत फटी ठेवून. दोन पाखी चाळ पूर्व-पश्चिम लांब, एक पाखी दक्षिणोत्तर. वर सिमेंटचा पत्रा आणि तो दोन्ही बाजूंना तीनेक फूट बाहेर काढलेला, म्हणजे झड आत येत नाही. लोखंडी पत्रा स्वस्तात आणि लवकर बसतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात वरचा थर भाजून काढतो.

बनवणारे गडबड करतात ती रुंदीत. ४ फुटांऐवजी साडेपाच-सहा फूट केले की तेवढ्याच लोखंडात जास्त माल बसतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. जुलैत मधला कांदा तापतो, घाम धरतो आणि वास सुटेपर्यंत पत्ता लागत नाही. दुसरी चूक घेणाऱ्याची: कांदा ५ फुटांच्या वर चढवणं. खालचा थर दबतो आणि सड तिथूनच सुरू होते. तिसरी म्हणजे तळाखालच्या पोकळीत साठलेला पाला. हवा खालून यायची असते, तीच वाट बंद. पावसाळी कागद बांधून ठेवणं आणि उघडीप पडली तरी न सोडणं, हेही तसंच.

चाळीला नावं ठेवण्याआधी आत काय भरलं ते बघावं. पाणी काढणीच्या १०-१५ दिवस आधी तोडलेलं हवं, निम्म्या माना पडल्यावर काढणी, पातीखाली तीन-चार दिवस शेतात सुकवण, मग इंचभर मान ठेवून कापणी आणि सावलीत दहा-पंधरा दिवस. जोडकांदा, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले), चिंगळी (बारीक कांदा) आधीच बाजूला. उशिरा युरिया टाकलेला जाड मानेचा कांदा कोणत्याच चाळीत टिकत नाही. न टिकणाऱ्या लाल, म्हणजे खरिपाच्या कांद्यासाठी तर चाळ घेऊच नये. ती उन्हाळ, म्हणजे रब्बीच्या कांद्याची वस्तू आहे.

सगळं नीट केलं तरी वजन घटतंच. ऑक्टोबरपर्यंत तिसरा हिस्सा गेला असं धरूनच हिशेब मांडावा. समजा एप्रिलमध्ये १,२०० रुपये क्विंटल मिळत होते. २५० क्विंटलचे ३ लाख. ऑक्टोबरात उरले १६७ क्विंटल, म्हणजे तेवढेच पैसे व्हायला १,८०० चा भाव लागतो. निवडीची मजुरी, व्याज आणि चाळीचा घसारा वेगळा.

आणि हे १,८०० कोण देणार, इथे पत्र्याचा विषय संपतो. शेतकरी संघटनेचा सुरू होतो.

शरद जोशींनी १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली ती चाकणच्या कांद्यावरून. नोव्हेंबर १९८० मध्ये आंदोलन नाशिक जिल्ह्यात आलं: उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला रास्त भाव. रस्ते अडले, रेल्वे अडली, खेरवाडीला गोळीबार होऊन शेतकरी मारले गेले. पिंपळगावचे माधवराव मोरे हे इथलं मोठं नाव. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही घोषणा, छातीवर संघटनेचा लाल बिल्ला, सटाण्याचं १९८२ चं अधिवेशन आणि १९८६ ला चांदवडच्या महिला अधिवेशनाला लोटलेल्या बायका. एकटा शेतकरी माल धरू शकत नाही, कारण शेजाऱ्याला उद्या पैसे लागतात. सगळ्यांनी एकदम हात आखडला तरच सरकार हलतं. त्या काळात हे जमलं.

पुढे का ओसरलं याची कारणं अनेक. १९८९ ला दिल्लीत उत्तर प्रदेशातले शेतकरी नेते महेंद्रसिंह टिकैत यांच्या संघटनेशी बिनसलं. निवडणुका आल्या, १९९४ मध्ये जोशींचा स्वतंत्र भारत पक्ष निघाला, मतं आली नाहीत. जोशी डंकेल प्रस्तावाच्या, म्हणजे शेतमालाचा जागतिक व्यापार खुला करणाऱ्या कराराच्या मसुद्याच्या बाजूने उभे राहिले. विचार म्हणून ते सुसंगत होतं, पण सरकारकडून भाव मागायला आलेल्याला ‘सरकारने बाजूला व्हावं’ हे पचवणं जड गेलं. मग फाटाफूट. राजू शेट्टींचा गट उसावर जगला, कारण उसाला कारखान्याचं एक गेट असतं, ते अडवलं की बोलणी होतात. कांद्याला असं गेट नाही. लिलावात प्रत्येक ट्रॅक्टरचा भाव निराळा, मागच्या ट्रॉलीवाल्याला पुढच्याचं दुःख नाही.

म्हणून आज चाळी भरपूर आणि बिल्ले पेटीत. ऑगस्टच्या पावसात सड दिसू लागली की सगळे एकाच आठवड्यात चाळ फोडतात आणि भाव स्वतःच पाडतात. त्यातून सावरलं तर वरून घाव बसतो: १९ ऑगस्ट २०२३ ला निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, नेमका उन्हाळ कांदा चाळीत असताना. डिसेंबरात सरसकट बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये. चार महिने कळ काढलेल्याचा हिशेब एका अधिसूचनेने फिरतो, आणि अडवायला रस्त्यावर कुणी नसतं.

वस्तू म्हणून चाळीला पाचांपैकी साडेतीन. १०० क्विंटलच्या आत उन्हाळ कांदा असेल तर २५ टनांची घेऊ नये, ५ किंवा १० टनांची एक पाखी पुरते. अनुदानावर घ्यायची असेल तर आधी महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर अर्ज आणि पूर्वसंमती, नंतरच पाया. टनाला ३,५०० रुपये हा अनुदानाचा दर बरीच वर्षं चालला, चालू दर तालुका कृषी कार्यालयात विचारावा. सातबाऱ्यावर कांद्याची नोंद लागते. आराखड्यापेक्षा रुंदी वाढवली तर तपासणीत अडकतं. फॅब्रिकेशनवाल्याला ४ फूट लिहूनच द्यावं आणि टेप लावून मोजून घ्यावं, शेवटचा हप्ता त्यानंतर.