शिरोलीच्या फाउंड्रीतील ईआरपी : हिशेब चोख, अधिकारांची राखण सैल

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील ज्या फाउंड्रीचे (ओतकाम कारखान्याचे) हिशेब मी पाहते, तेथे गेली काही वर्षे एका भारतीय कंपनीचे ईआरपी, म्हणजे खरेदी, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारे, सॉफ्टवेअर वापरात आहे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही. ज्या त्रुटीविषयी लिहायचे आहे, तिची दुरुस्ती सगळ्या ग्राहकांनी बसवून घेतली असेल अशी खात्री नाही आणि नाव दिले तर गैरवापर करणाऱ्याचीच सोय होईल. तरीही हा अभिप्राय लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आपल्या भागातील कारखाने, दूध संस्था आणि व्यापारी पेढ्या याच धाटणीची सॉफ्टवेअर घेतात आणि डेमोच्या वेळी छापील रिपोर्ट कसा दिसतो यावरच सगळी चर्चा होते.

हिशेबाच्या कामात या सॉफ्टवेअरला नावे ठेवायला जागा नाही. हीटनिहाय (धातूच्या प्रत्येक वितळणीनुसार) खर्च, भट्टीच्या विजेची विभागणी, ई-इनव्हॉइस, ई-वे बिल, जीएसटीच्या २बीशी (पुरवठादारांच्या विवरणांवरून तयार होणाऱ्या पत्रकाशी) खरेदीची मिळवणी हे सर्व व्यवस्थित चालते आणि मार्चअखेरीस ताळेबंद जुळवताना रात्री जागवाव्या लागत नाहीत.

तक्रार आहे ती अधिकारांबाबत. पैशाच्या व्यवहारात व्हाउचर तयार करणारा आणि मंजूर करणारा या दोन वेगळ्या व्यक्ती असाव्यात, हा मेकर-चेकरचा नियम आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्येच बसवलेला होता. खरेदी विभागातील लिपिकाच्या लॉगिनला मंजुरीचे बटण दिसत नसे आणि त्यामुळे सगळे निश्चिंत होते. अंतर्गत लेखापरीक्षणाला आलेल्या, सीएची आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने मात्र चाचणीसाठी ठेवलेल्या प्रतीवर लिपिकाच्याच अधिकारांनी बेंटोनाइटच्या (साच्याच्या वाळूत मिसळायच्या मातीच्या) पुरवठादाराचे एक व्हाउचर तयार केले, ते उघडले, ब्राउझरच्या वरच्या पट्टीतील पत्त्यात केवळ पाहण्याची क्रिया दर्शवणारा जो शब्द होता तो काढून तेथे मंजुरीचा शब्द लिहिला आणि एंटर दाबले. व्हाउचर मंजूर झाले. हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना बंधनकारक झालेली एडिट लॉगची (कोणता बदल कोणी, केव्हा केला याच्या नोंदीची) सोय आम्ही लगेच उघडून पाहिली, तर तयार करणारा आणि मंजूर करणारा या दोन्ही रकान्यांत एकच युजर आयडी, दोन वेळांमध्ये एका मिनिटाचेही अंतर नाही आणि पुढे ‘यशस्वी’ असा शेरा. नोंद अगदी प्रामाणिक होती. व्यवहार अडवण्याचे काम मात्र कोणीच केले नव्हते.

याचे कारण तांत्रिक असले तरी कळायला अवघड नाही. अधिकाराची तपासणी पडदा दाखवताना होत होती, प्रत्यक्ष क्रिया पार पाडणाऱ्या सर्व्हरवर होत नव्हती. दारावरची पाटी काढली म्हणून दाराला कुलूप लागत नाही. लॉगिन केलेली व्यक्ती कोण आहे, हे सर्व्हर ओळखत होता. पण तिला ही क्रिया करता येते का आणि हे व्हाउचर तिनेच तर तयार केलेले नाही ना, हे दोन प्रश्न प्रत्येक विनंतीच्या वेळी विचारायला हवे होते. हा दोष दुर्मीळही नाही. वेब सॉफ्टवेअरमधील धोक्यांची, सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेने २०२१मध्ये जी यादी प्रसिद्ध केली, तिच्यात अधिकार-नियंत्रणातील ढिलाईच पहिल्या क्रमांकावर आहे. जुलै २०२०मध्ये ईआरपी बनवणाऱ्या सॅपसारख्या बलाढ्य कंपनीच्या नेटवीव्हर जावा या सर्व्हर सॉफ्टवेअरमध्ये अशी त्रुटी निघाली की लॉगिनशिवायही कोणाला नवा प्रशासक युजर तयार करता आला असता. तिला गंभीरतेच्या मोजपट्टीवर १०पैकी १० गुण मिळाले होते. सॅपने दुरुस्ती दिली आणि ती सुरक्षेची, तातडीने बसवण्याची दुरुस्ती आहे हे जाहीरही केले.

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीने येथेच निराशा केली. स्थानिक वितरकाचे पहिले उत्तर होते, “मॅडम, बटणच दिसत नाही तर असं कोण करणार? तुमची माणसं विश्वासातली आहेत.” माणसे विश्वासातली आहेतच आणि म्हणूनच मला हे उत्तर मान्य नाही. उद्या त्या लिपिक मुलीचा पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या हाती लागला आणि तिच्या नावावर पेमेंट सुटले, तर पोलिसांसमोर तिला उभे राहावे लागेल, वितरकाला नाही. पुढे मुख्य कार्यालयाने दखल घेतली आणि दुरुस्तीही आली. मात्र सोबतच्या टिपणात ‘मंजुरी प्रक्रियेत किरकोळ सुधारणा’ एवढेच लिहिले होते. ते वाचून गोकुळ शिरगावचा किंवा कागलचा एखादा ग्राहक अपडेट पुढच्या तिमाहीवर ढकलणार, यात त्याचा काय दोष? त्रुटी राहणे मी समजू शकते. तिचे गांभीर्य ग्राहकापासून लपवणे मला अधिक गंभीर वाटते.

शिवाय ती दुरुस्ती अपुरी होती. पत्ता बदलण्याची वाट बंद झाली, पण त्याच लॉगिनने एक्सेल फाइल आयात करून पुरवठादाराचा बँक खाते क्रमांक बदलता येत होता, आणि पैसे भलत्या खात्यात वळवण्यासाठी एवढे पुरेसे आहे. आम्ही पुन्हा लिहिल्यावर तेही बंद झाले. बसवणी करताना वितरकाने स्वतःसाठी ठेवलेले सर्वाधिकारी लॉगिन आम्ही बंद केले असून ते आता मागणी आल्यावरच, ठरावीक वेळेपुरते उघडले जाते.

हिशेबासाठी ५पैकी ४ आणि अधिकारांच्या सुरक्षेसाठी २ गुण देईन. सॉफ्टवेअर बदलण्याचा विचार नाही. वार्षिक देखभाल करारात मात्र दोन कलमे घालून घेतली आहेत : सुरक्षेची दुरुस्ती सुरक्षेची म्हणूनच लेखी कळवावी आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर सर्वांत कमी अधिकारांच्या लॉगिनने मंजुरी, आयात आणि खाते-बदल या तिन्ही वाटा आमच्यासमोर तपासून दाखवाव्यात. नव्याने खरेदी करणाऱ्यांनी हाच आग्रह डेमोच्या दिवशी, आगाऊ रक्कम देण्याआधी धरावा. पुरवठादाराचे खाते बदलल्याची नोंद आली, तर जुन्या नोंदीतील क्रमांकावर फोन करून खात्री केल्याशिवाय आमच्याकडे पेमेंट सोडले जात नाही आणि दोन्ही दुरुस्त्या बसल्यानंतरही ही पद्धत आम्ही चालू ठेवली आहे.