टीव्हीवरचे अमेरिकन न्यायाधीश: कुणाचं कोर्ट कशासाठी पाहावं

खऱ्या वादांचा कॅमेऱ्यासमोर निवाडा करणारे हे शो कायद्याचे विद्यार्थी आवडीने पाहतात, आणि अमेरिकेत स्मॉल क्लेम्स कोर्टात (आपल्याकडचं लघुवाद न्यायालय साधारण त्याच जातीचं) स्वतःचा दावा मांडायची वेळ आलेले मराठी लोकही. पण सगळ्यांकडून एकच गोष्ट शिकायला मिळत नाही.

आधी एक लक्षात घ्या. न्यायाधीशाच्या खुर्चीवरची व्यक्ती माजी न्यायाधीश असली, तरी सेटवर ती फक्त लवाद असते, म्हणजे दोन्ही पक्षांनी निवाड्यासाठी मान्य केलेली खासगी व्यक्ती. दोन्ही पक्ष कोर्टातला दावा मागे घेतात आणि लवादाचा निकाल बंधनकारक मानू असं लिहून देतात. निकालाची रक्कम निर्माते भरतात, त्यामुळे हरणाऱ्याच्या खिशाला सहसा झळ बसत नाही. खऱ्या कोर्टातला ताण इथे दिसत नाही तो म्हणूनच.

ज्युडिथ शाइंडलिन यांचा ‘जज ज्युडी’ १९९६ ते २०२१ असा पंचवीस सीझन चालला. त्याआधी त्या न्यूयॉर्कच्या फॅमिली कोर्टात न्यायाधीश होत्या. कागद आधीच वाचून येतात आणि बसल्या बसल्या पहिला प्रश्न टाकतात. तारीख काय, पैसे कुणी दिले, लेखी काय आहे? ‘शेजारी म्हणाला’ असं कुणी सुरू केलं की तिथेच तोडतात, कारण तो ऐकीव पुरावा. घटनाक्रम पाठ नसेल तर माणूस किती लवकर उघडा पडतो, हे शिकायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी नाही. कायदा शिकायला मात्र त्या अपुऱ्या पडतात. माणूस खोटं बोलतोय असं मनात बसलं की पुढचं ऐकणं कमी होतं आणि निकालामागचं कारण दोन वाक्यांत संपतं.

मॅरिलिन मिलियन यांनी ‘द पीपल्स कोर्ट’ २००१ ते २०२३ सांभाळलं. त्या मायामीच्या सर्किट कोर्टातून (राज्याचं, खटले चालवणारं कोर्ट) आल्या. आमची पहिली पसंती त्यांनाच, कारण त्या कारण सांगतात. घरभाड्याच्या डिपॉझिटचंच घ्या. कॅलिफोर्नियात घरमालकाने कपातीचा तपशील २१ दिवसांत द्यायचा असतो, न्यूयॉर्कमध्ये १४. नेहमीच्या वापराने झालेली झीज भाडेकरूच्या माथी मारता येत नाही. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून भाग पाहताना वाद कुठल्या राज्यातला ते आधी टिपा. निकालाच्या आधी थांबवून स्वतः लिहा: करार काय होता, मोडला कुणी, नुकसान किती, त्याची पावती कुठे? बहुतेक दावे शेवटच्या प्रश्नावर पडतात. राग खरा असतो, पण दुरुस्तीचं बिल किंवा घर ताब्यात घेतानाचे फोटो नसतात.

याच शोचे पहिले न्यायाधीश जोसेफ वॉपनर (१९८१ ते १९९३) शांत आणि सावकाश होते. जुने भाग मिळाले तर जरूर पाहा.

‘हॉट बेंच’मध्ये (२०१४ पासून) तिघं बसतात आणि निकाल बहुमताने होतो. तिघंही माजी न्यायाधीश असतातच असं नाही, काही वकील असतात. आत जाऊन ते जी चर्चा करतात ती दाखवली जाते. एकच पुरावा तिघांना तीन तऱ्हांनी कसा दिसतो, हे दुसरीकडे फारसं पाहायला मिळत नाही. मूट कोर्टची (विद्यार्थ्यांच्या सरावाच्या खटल्याची) तयारी करणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी.

भारतात किरण बेदींचा ‘आप की कचहरी’ २००८ मध्ये आला. त्या न्यायाधीश नव्हेत, निवृत्त पोलीस अधिकारी. तिथे भर समेटावर होता, त्यामुळे पुरावा कसा मांडावा हे शिकायला तो फारसा उपयोगी नाही.

आणि तुमचाच दावा शोवर आणा असं निर्मात्यांचं पत्र आलं तर? समोरच्याकडून वसुली होणं कठीण असेल, तर टीव्हीचे पैसे निश्चित मिळतात. पण कमाल रक्कम आधी विचारा. ‘जज ज्युडी’त ती ५,००० डॉलर होती, तर कॅलिफोर्नियाच्या स्मॉल क्लेम्स कोर्टात एका व्यक्तीला १२,५०० पर्यंत मागता येतात. करारात नेमका कोणता वाद सोपवताय तेही नीट वाचा, कारण लवादाने त्या चौकटीबाहेर निकाल दिला तर तो मोडण्याची थोडीफार आशा असते. केवळ निकाल चुकीचा वाटला म्हणून अपील होत नाही.