मर्लिन बर्ड आयडी: वटवट्यांच्या बाबतीत किती भरवशाचं?

मर्लिन हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेचं पक्षी ओळखणारं अ‍ॅप, फुकट आहे. साळुंकी, तांबट ओळखायला ते उत्तमच, पण त्याची खरी कसोटी लागते हिवाळ्यात, बोरिवलीच्या जंगलात उतरलेल्या वटवट्यांवर, म्हणजे वॉर्बलर या चिमुकल्या पक्ष्यांवर. ग्रीनिश आणि वेस्टर्न क्राउन्ड हे दोन वॉर्बलर इथे एकाच झाडावर सापडू शकतात. क्राउन्डची वीण पश्चिम हिमालयातल्या जंगलांत होते, थंडीत तो सह्याद्रीत येतो. दोघेही जेमतेम दहा-अकरा सेंटीमीटरचे, हिरवट, शेंड्याच्या पानांत सतत सरकणारे.

इथे साउंड आयडी, म्हणजे आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय, कामाला येते. ओरडणाऱ्या पक्ष्याचं नाव यादीत येतं आणि तो पुन्हा बोलला की तेच नाव पिवळं उजळतं. घरच्या वायफायवर भारतातल्या पक्ष्यांच्या माहितीचा पॅक आधीच उतरवून घ्या; मग रेंज नसली तरी चालतं. लोकेशन चालू ठेवा, कारण जागा आणि तारीख पाहूनच अ‍ॅप शक्यता ठरवतं. माइकवर बोट येऊ देऊ नका. हायवेच्या बाजूला बारीक आवाज घरघरीत बुडतो, तिथे वेळ घालवू नका.

चुकतं ते नकलाकारांपायी. भृंगराज कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याचीसुद्धा हुबेहूब नक्कल करतो, त्यामुळे यादीत अचानक शिक्रा दिसला तर आधी फांद्यांत कोतवाल शोधा. वटवट्यांची हाक तर दोन अक्षरांची. एकदा नाव चमकलं म्हणून नोंद करू नका. तीन-चार हाकांना तेच नाव आलं पाहिजे.

त्यानंतर दुर्बीण, ८x४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) बरी. डोक्याच्या मधोमध फिकट पट्टा आणि दोन्ही बाजू गडद असतील तर क्राउन्ड. ग्रीनिशचं डोकं साधं, भुवई मात्र लांब आणि ठळक. पंखावर ग्रीनिशला एक आखूड रेघ, क्राउन्डला दोन. पण त्यातली वरची पुष्कळदा दिसतच नाही आणि पिसं झिजली की ग्रीनिशचीही पुसट होते. म्हणून निकाल डोक्यावरून लावा. झाडाखालून मान वर करून पट्टा दिसत नाही, चढावरून शेंडे डोळ्यांच्या पातळीत येतील अशी जागा धरा.

फोटो आयडी मोबाइलच्या फोटोवर या पक्ष्यांसाठी निरुपयोगी, एक तारा त्याचाच कापला. पाचपैकी चार. अ‍ॅपमधल्या हाका घरी ऐकून कान तयार करा. जंगलात त्या वाजवून पक्ष्याला खाली बोलावू नका.