वयस्कांचे ड्रायव्हिंग: हॉस्पिटलचे पॅकेज की फॅमिली डॉक्टर?
लायसन्स नूतनीकरणासाठी लागणारे वैद्यकीय प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १ए, दोन्हीकडे भरून मिळते, त्यामुळे निवड करताना ते बाजूला ठेवलेले बरे. दिवसाच्या चांगल्या उजेडात २५ मीटरवरची नंबर प्लेट वाचता येणे वेगळे आणि सत्तरीनंतर तिन्हीसांजेला कोरेगाव रस्त्याने साताऱ्यात परतणे वेगळे. वयाच्या ५५ नंतर लायसन्स दर ५ वर्षांनी नवे करावे लागते. मधल्या काळातले बदल मात्र डॉक्टरांनीच हेरायचे असतात. माझ्या वडिलांसाठी, आमच्या अण्णांसाठी, मी दोन्ही मार्ग अनुभवले आहेत.

हॉस्पिटलच्या तपासणी पॅकेजची खरी जमेची बाजू डोळ्यांची तपासणी ही आहे. काचबिंदूत बहुधा कडेची नजर आधी कमी होते आणि समोरचा तक्ता मात्र व्यवस्थित वाचता येतो, म्हणून कडेची नजर तपासणारी फील्ड टेस्ट करावी लागते, आणि ती साध्या दवाखान्यात होत नाही. रक्त, ईसीजी वगैरेही एका फेरीत उरकते.

मला खटकले ते निराळेच. अण्णा गाडी चालवतात हे प्रत्येक कक्षात मलाच सांगावे लागले, आणि त्यावर प्रत्येकाने अण्णांकडे न पाहता माझ्याकडे पाहून ‘शक्यतो टाळा’ एवढेच सांगितले. रात्री टाळायचे, पावसात टाळायचे की यवतेश्वरचा घाट टाळायचा, हे कोणीच सांगितले नाही. परिणामी त्याच सल्ल्यातून अण्णांनी परवानगी काढली आणि मी बंदी, आणि घरात आठवडाभर धुसफूस चालली.

फॅमिली डॉक्टरांनी सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगितल्या आणि त्या टेबलावर ओतल्या. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन होते, त्याने गुंगी येते. शिवाय रात्रीच्या झोपेच्या गोळीचा अंमल सकाळपर्यंत राहू शकतो. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना कमी झाली, तर ब्रेकवरचा जोर कळत नाही, म्हणून त्यांनी अण्णांना डोळे मिटायला लावून पायाला कापूस लावून पाहिला. मग खांदे न हलवता मागच्या भिंतीवरचे कॅलेंडर पाहायला सांगितले. “अण्णा, पोवई नाक्याच्या भुयारी मार्गात उन्हातून शिरलं की क्षणभर काही दिसत नाही, असं होतं का?” या प्रश्नावर अण्णा, जे मला कधीच कबूल करत नाहीत, चटकन “होतं” म्हणाले. चिठ्ठीवर लिहून मिळाले ते असे: अंधार पडल्यावर नाही, घाटात नाही, दिवसा गावात चालेल, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा. ही चिठ्ठी अण्णांनी स्वतः गाडीच्या कागदपत्रांत ठेवली आहे.

अर्थात, जुन्या ओळखीमुळे एखाद्या डॉक्टरांना स्पष्ट नकार देणे जड जाऊ शकते. ओळखीचा रस्ता चुकणे किंवा गाडीवर नवे ओरखडे दिसणे सुरू झाले असेल, तर आधी तज्ज्ञच गाठावेत. एरवी, निदान माझ्या मते, डोळ्यांची तपासणी स्वतंत्रपणे करून घ्यावी आणि ती फाइल घेऊन फॅमिली डॉक्टरांकडे जावे. प्रश्न मात्र वडिलांनाच विचारू द्यावेत आणि आपण मध्ये बोलू नये.